गोळ्या घेता का?

मी रक्त काढत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो तेव्हा शेजारपाजारच्या बायका माझ्यासमोर बाही वर करून उभ्या राहायच्या. "ताई, जरा शुगर बघा ना." आमचे हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, पण त्यांना कधी कोणी 'तोफ उडवून दाखवा' म्हटलं नाही. मी लॅबमध्ये, म्हणजे माझ्या पर्समध्ये सुई असणारच, अशी मात्र सगळ्यांची खात्री होती.

माझं काम सुई टोचून झाल्यावर सुरू व्हायचं. मिरजेहून लग्न होऊन चेन्नईला आले, ती एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं माझ्या ताब्यात फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र होतं. नाव भारी असलं तरी काम समजायला सोपं आहे. दिवाळीच्या आधी टी. नगरमधल्या साडीच्या दुकानात गेला असाल तर दारातली ती चौकट आठवा. बाहेर कितीही रेटारेटी असो, चौकटीतून माणूस एकेकटाच आत जातो आणि रखवालदार प्रत्येकाकडे एकदा नीट बघून घेतो. माझ्या यंत्रात पेशी तशा एका रांगेत, एकेक करून जात. रखवालदाराच्या जागी लेसरचा किरण. पेशींना आम्ही आधी रंगीत खुणा चिकटवलेल्या असत, त्यामुळे कोणती पेशी कोणत्या जातीची आणि कोणत्या जातीची किती, हे समोरच्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटे. मला ते ठिपके फार आवडत. चांगलं उतरलेलं चित्र दिसलं की मी एकटीच 'वा' म्हणायची, आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी एकमेकांकडे बघून हसायची.

लॅबमधल्या माणसांचं एक दुःख असतं. पेशंट आम्हाला दिसत नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या अंगातलं सगळ्यात आतलं गुपित आम्ही पाहतो, पण त्यांचा चेहरा रस्त्यात समोरून गेला तरी ओळखू येत नाही. जे पेशंट खिडकीशी येऊन थडकत ते बहुधा भांडायला येत. एक बँकेतले साहेब रिपोर्टसाठी यायचे. आकडा बघायचे, ओठ मुडपायचे आणि अगदी भाजीवाल्याशी बोलावं तसं विचारायचे, "मॅडम, थोडा कमी होणार नाही का?" मी एकदा म्हटलं, "साहेब, पुढच्या वेळी दोन टेस्ट एकदम करा, बघू." तेव्हापासून ते मला बघितल्यावर हात जोडायचे.

कावेरीबाई या खिडकीवरच भेटल्या, पण त्या भांडायला आल्या नव्हत्या.

आमच्याकडच्या त्वचारोगाच्या डॉक्टर सेल्वी वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. हुशार, बडबड्या आणि कामाला वाघ. त्यांनी खाली फोन केला. "अक्का, एक म्हातारी पाठवतेय. तमिळ येतं तिला, पण घाबरली की तुमच्याच भाषेतलं काहीतरी बोलते. तिचा मुलगा दुभाषाचं काम करतोय, पण त्याचंच त्याला कळत नाहीये. जरा गोड बोलून माहिती विचारून घ्या. ओपीडीत आज पाय ठेवायला जागा नाही."

तुमच्याच भाषेतलं! हे ऐकून मी केस सारखे केले. चेन्नईत मराठी माणूस भेटला की मला काय होतं ते आमच्या ह्यांना विचारा. बसमध्ये कोणी मराठीत फोनवर बोलत असलं तर मी माझा थांबा सोडून पुढे जाते.

ऐंशीला टेकलेल्या, काटक बांध्याच्या, नऊवारी नव्हे पण चापूनचोपून नेसलेली गडद साडी, नाकात दोन्हीकडे खडे. मागे त्यांचे चिरंजीव गोपाळराव, बँकेतून रिटायर झालेले, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं. मी म्हटलं, "या आजी, बसा."

"आजी काय म्हणतां? तुमचे केंस माझ्याहून पांढरे दिसत्यात. अक्का म्हणा." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही आपल्यांतल्या काय? अय्यो! गोपाळा, ऐकलेंस? ह्या आपलें बोलत्यात!"

ही तंजावरची मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या आपल्या लोकांनी जपलेली. 'झालं'चं 'जालें', 'सगळे'चे 'अस्के', मधूनच तमिळ शब्द आणि हेल तर पूर्णच तमिळ. मला ती ऐकताना आजोळच्या जुन्या पेटीतलं लुगडं उलगडल्यासारखं वाटतं. घरात ती बोलणारं आता आपल्याशिवाय कोणी उरलं नाही, असं कावेरीबाई म्हणाल्या. मुलाला समजते, पण तो उत्तर तमिळमध्ये देतो. नात नंदिनी पेरुंगुडीला कंप्युटरच्या कंपनीत, तिला तमिळपेक्षाही इंग्रजी जवळचं.

मग त्यांनी बाही सारून हात पुढे केला, आणि मी पाहतच राहिले. मनगटापासून वर रांगोळीसारखं हिरवं गोंदण होतं, ठिपक्यांभोवती वळणं घेत गेलेलं. लहानपणी तंजावरला देवळाच्या जत्रेत एका बाईने गोंदवलेलं. एरवी गोंदण कातडीत सपाट असतं. हे सबंध उठून आलं होतं. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी नक्षी समजली असती. लहानपणी पडून गुडघ्यावर आलेला जुना वणही तसाच लाल होऊन फुगला होता, आणि नडग्यांवर दुखऱ्या गाठी.

"एवढीं वरुषें निजलें होतें," त्या गोंदणाकडे बघत म्हणाल्या. "आतां उठून बसलें. काय पाहिजे त्याला, पुसा."

हेच तर पुसायचं होतं. आपल्या शरीराला एखादी नको ती वस्तू बाहेर टाकता आली नाही की पेशी जमून तिच्याभोवती कुंपण घालतात. त्या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. क्षयाचा जंतू असला तरी असं कुंपण पडतं, कुष्ठरोगाचा असला तरी पडतं. आणि सारकॉयडोसिस नावाचा एक आजार असा आहे, की त्यात कुंपणं सगळीकडे पडतात आणि आत शोधायला जावं तर चोरच सापडत नाही. हा आजार जुने वण आणि गोंदणं नेमकी शोधून काढतो. तो कोणाचा कोणाला होत नाही. कावेरीबाईंच्या कातडीचा तुकडा काढून तपासला होता, त्यात कुंपणं दिसली होती, जंतू दिसले नव्हते. छातीच्या फोटोत गाठी होत्या. जंतू वाढतात का हे बघायला नमुना ठेवला होता, पण त्याला आठवडे लागतात.

आणि कावेरीबाईंना आठवडे नको होते. नंदिनी बाळंत होऊन टी. नगरला आईवडिलांच्या घरी आली होती. मुलगी झाली होती. घरात तान्हं मूल आणि आजीच्या अंगावर हे असलं काही, छातीतही गाठी. कोणीतरी 'क्षय' म्हटलं, कोणीतरी त्याहून वाईट शब्द दबक्या आवाजात म्हटला. पुढच्या खोलीत त्यांची गादी पडली, त्यांचा कॉफी प्यायचा टंबलर वेगळा झाला. गोपाळराव हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. घरच्यांचं चुकलं असं मला मुळीच वाटलं नाही, तान्ह्या बाळाच्या बाबतीत मीही तेच केलं असतं.

"त्याचें काय नाही," कावेरीबाई म्हणाल्या. "टंबलर वेगळा तर वेगळा. पण आमच्या घरांत लेकराला पाळण्यांत घालून कानांत नांव सांगायचें, तें अस्क्यांत थोर बाईनें. आणि तें आपल्या भाषेंत. माझ्या सासूनें गोपाळाला सांगितलें, मी नंदिनीला सांगितलें. आतां हिला कोण सांगणार? गोपाळ म्हणतो, फोनावरून सांग. फोनावरून नांव ठेवत्यात काय?"

बारशाचा दिवस ठरलेला होता. पुढे ढकलूया असं नंदिनी म्हणाली, तर त्यांनी साफ नकार दिला. माझ्यासाठी लेकराला बिननावाचं ठेवू नका म्हणाल्या. एवढ्या ताठ बाईचे डोळे तेव्हा भरून आले, आणि माझे त्यांच्या आधी.

मग मी कामाला लागले. खाणंपिणं, खोकला, ताप, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "गोळ्या घेता का काही?"

त्या खुदकन हसल्या. "आतां कोठल्या गोळ्या! लहानपणीं पुष्कळ. भावांहून माझ्याच जास्त असायच्या."

मला वाईट वाटलं. बिचारी लहानपणी फारच आजारी असणार. कागदावर औषधांच्या पुढे मी 'काही नाही' असं लिहिलं आणि त्यांना रक्त द्यायला पाठवलं.

या आजारात जी एक रक्ततपासणी करतात ती म्हणजे एसीई. त्या कुंपणातल्या पेशी हे द्रव्य जास्त बनवतात, म्हणून आजार असला की रक्तात ते बऱ्याचदा वाढलेलं सापडतं. बऱ्याचदाच, नेहमी नाही. कुठल्याही एका आकड्यावर माणसाचा निवाडा करू नये, हे आम्ही नव्या डॉक्टरांना सांगून सांगून थकतो. तरी आकडा जास्त आला असता तर सारकॉयडोसिसच्या बाजूला वजन पडलं असतं, बाळापासून दूर राहायची गरज नाही असं म्हणायला डॉक्टरांना धीर आला असता, म्हणून मी त्या रिपोर्टची वाट बघत होते.

आकडा कमी आला. नुसता नॉर्मल नव्हे, अगदी तळाला गेलेला. मी पुन्हा लावून घेतला, तरी तेवढाच. फोन करून सांगितलं तेव्हा माझा आवाजच पडला होता.

डॉक्टर सेल्वींनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "अक्का, आजार नसलेल्या माणसाचासुद्धा एवढा कमी येत नाही. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे का तिची?"

आता ही गोष्ट मलाही पाठ होती. ब्लड प्रेशरच्या औषधांतला एक गट नेमका याच एसीईला दाबून प्रेशर उतरवतो. ती गोळी पोटात असली की आजार कितीही असो, आकडा खालीच. पण मी ठामपणे सांगितलं, "नाही. कुठलीच गोळी नाही. मी स्वतः विचारलंय."

"कसं विचारलंत?"

"मराठीत!" मी म्हटलं. माझा स्वर तेव्हा जरा तोऱ्यातच होता, हे मला आठवतं.

"असं करा," त्या थंडपणे म्हणाल्या, "आता तमिळमध्ये विचारा."

मला राग आला. एका मराठी बाईने दुसऱ्या मराठी बाईला मराठीत विचारलेलं परत तमिळमध्ये विचारायचं? पण डॉक्टरांचं ऐकायची सवय, लावला गोपाळरावांना फोन. त्यांनी तो आईकडे दिला. मी माझ्या मिरजेच्या तमिळमध्ये विचारलं, काही मात्तिरै घेता का?

"मात्तिरै? घेतें की! प्रेशराची. सकाळीं एक, कापी पिऊन जाल्यावर. आमच्या रस्त्यावरचा डाक्टर देतो, केव्हांपासून."

"अहो अक्का, मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"तुम्ही मात्तिरै कोठें पुसलें? तुम्ही पुसलें, गोळ्या घेतां काय."

"मग?"

"या वयांत मी गोळ्या घेऊन रस्त्यावर खेळूं काय?"

फोन कानाला तसाच धरून मी खुर्चीत बसले. तमिळमध्ये गोली म्हणजे खेळायची गोटी. मुलं गल्लीत मातीवर खेळतात ती, काचेची. तंजावरच्या मराठीतही गोळी म्हणजे तीच. औषधाची ती मात्तिरै. भावांहून जास्त गोळ्या असायच्या म्हणजे ही बाई लहानपणी भावांच्या सगळ्या गोट्या जिंकून घेत होती, आणि मी तिला आजारी मुलगी ठरवून तिची कीव करत होते.

"मला वाटलें, तिकडच्या बायका असें थट्टेनें पुसत असतील," त्या पलीकडून म्हणाल्या, "म्हणून मीही हंसलें."

आमची दोघींची गाठ तमिळमध्ये पडली असती तर हा घोटाळा झालाच नसता. परक्या भाषेत माणूस चारदा विचारून खात्री करतो. आपली भाषा भेटली की आनंदात सगळं समजलं असंच वाटतं. डॉक्टर सेल्वींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की त्यांच्या ओपीडीतले पेशंट घाबरले असतील. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत माझा कुठलाही रिपोर्ट गेला, की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "अक्का, हे मराठीत की तमिळमध्ये?"

पण त्या हसून थांबल्या नाहीत. तो कमी आकडा आता निरुपयोगी ठरला होता. त्यांनी प्रेशरची गोळी बदलायला लावली. जुन्या गोळीचा परिणाम उतरून रक्त पुन्हा तपासायला वेळ लागणार होता आणि बारसं जवळ आलं होतं. म्हणून मग त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलून फुफ्फुसात नळीने थोडं पाणी सोडून ते परत ओढून घ्यायचं ठरवलं. हे पाणी आलं की ते माझ्या यंत्राचं काम.

नळी घालायच्या आधी कावेरीबाईंनी मला बोलावून घेतलं. घाबरल्या होत्या. "ह्यांत खरें तें कळेल काय?"

"कळायला मदत होईल," मी म्हटलं. खोटा धीर द्यायला मला कधी जमलं नाही.

"सेरी, बरें. तूं बघणार ना? तूं बघ. दुसरें कोणी नको." पहिल्यांदाच त्या मला 'तूं' म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

असं पाणी आलं की ते ताटकळत ठेवायचं नसतं, पेशी मरतात. मी जेवणाचा डबा उघडून ठेवला होता तो तसाच झाकला. गाळणं, धुणं, रंगीत खुणा लावणं, सगळं स्वतः केलं. आम्हाला मोजायच्या होत्या त्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती, सीडी-फोर आणि सीडी-एट. निरोगी फुफ्फुसात पहिली जात दुसरीपेक्षा थोडी जास्त असते. सारकॉयडोसिसमध्ये बहुतेक वेळा पहिल्या जातीची झुंबड उडते आणि दुसरी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते. पडद्यावर ठिपके उमटू लागले. एका बाजूला आधी दहापाच, मग ढग, मग असा दाट थर की यंत्र बिघडलं की काय अशी शंका आली. दुसऱ्या बाजूला तुरळक शिंतोडे. मी नेहमीसारखं 'वा' म्हणणार होते, पण आधी नमुन्यावरचं नाव पुन्हा वाचलं. ज्या बाईचे ते ठिपके होते तिचा चेहरा मला या वेळी माहीत होता.

मी तेवढ्यावर नाचले नाही. क्षयाच्या जंतूसाठी त्याच पाण्याची झटपट तपासणी दुसऱ्या टेबलावर चालू होती, ती निघेपर्यंत मी त्या टेबलाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की तिथल्या पोरींनी मला चहा प्यायला बाहेर घालवलं. ती निगेटिव्ह आली. कातडीचा तुकडा, छातीचा फोटो, माझे ठिपके, न सापडलेला जंतू हे सगळं समोर मांडून दोन्ही डॉक्टरांनी सारकॉयडोसिस ठरवला. वाढीला ठेवलेल्या नमुन्यातही तोवर काही उगवलेलं नव्हतं. डॉक्टर सेल्वींनी गोपाळरावांना बोलावून स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, हा आजार कोणाला लागत नाही, आईला बाळ घेऊ द्या. गोपाळराव खुर्चीत बसल्या बसल्या लहान मुलासारखे रडले. मग मला शोधत खाली आले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. "अक्का, टंबलर आत ठिवतों," एवढंच म्हणाले.

बारशाला मला आणि आमच्या ह्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. डॉक्टर सेल्वीही ओपीडी लवकर आटपून आल्या. टी. नगरच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं मावत नव्हती. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला होता. साडीचा झोळीसारखा पाळणा आढ्याच्या हुकाला बांधला होता, त्याला जाईच्या माळा. सगळीकडे तमिळ चाललेलं, मधूनमधून नंदिनीच्या ऑफिसातल्या मुलींचं इंग्रजी. कावेरीबाईंना औषध सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, गोंदण अजून थोडं वर आलेलंच होतं. त्यांनी ते झाकलं नव्हतं. नंदिनीने बाळ आणून त्यांच्या हातात दिलं, आणि त्या उंचवलेल्या हिरव्या वळणांवर बाळाचं डोकं टेकलं. नंदिनी आजीच्या खांद्यावर कपाळ ठेवून तशीच उभी राहिली.

मग त्यांनी बाळाला पाळण्यात ठेवलं, वाकल्या आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. मीरा हे नाव सगळ्यांना आधीच माहीत होतं. दोन अक्षरांचं नाव सांगायला कितीसा वेळ लागणार? पण त्या सांगतच राहिल्या. भटजी घड्याळ बघू लागले. फोटो काढणारा कॅमेरा धरून अवघडला. कावेरीबाईंचे ओठ हलतच होते, आणि बाळ डोळे मोठे करून ऐकत होतं.

शेवटी त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. नंदिनीने हसत विचारलं, "पाट्टी, एवढा वेळ काय सांगत होतीस तिला?"

कावेरीबाईंनी तिला सोडून माझ्याकडे पाहिलं.

"नांव सांगितलें. मग म्हटलें, कान सांपडला आहे तर थोडी भाषाही सांगून ठेवावी," त्या म्हणाल्या. "गोळी म्हणजे दोन असत्यात, खेळायची एक आणि गिळायची एक. हें पहिलें सांगितलें."